सहा नंबरवरचा ओटा

कोलकात्यात आम्ही बेहालाला राहतो आणि माझं माहेर विदर्भात, अकोला आणि खामगाव यांच्या मधलं एक गाव. ही दोन्ही घरं एकाच रस्त्यावर आहेत असं मी सांगितलं की लोकांना वाटायचं, बाई फुगवून सांगते. पण ते खरं होतं. खिदिरपूरवरून विद्यासागर सेतू ओलांडायचा, हावड्याच्या बाजूला कोना एक्सप्रेसवे धरायचा आणि पुढे जो मोठा रस्ता लागतो तो सोडायचा नाही. खरगपूर, संबलपूर, रायपूर, नागपूर, अमरावती, अकोला. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताला सिमेंटचा एक ओटा दिसतो, तो माझ्या आईचा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा. कोलकात्यात त्याला बॉम्बे रोड म्हणतात, आमच्या गावात त्याला कलकत्ता रोड म्हणत. दोन्हीकडची माणसं घरी बसून दुसऱ्या टोकाचं नाव घेत होती.

लहानपणी मला तो रस्ता अजिबात आवडायचा नाही. ओट्यावरून चहाची कपबशी विसळली तर पाणी ट्रकच्या टायरवर पडेल, इतका तो जवळ होता. मांडणीवरचे स्टीलचे डबे दिवसभर थरथरत. दोरीवरचं पांढरं पातळ संध्याकाळपर्यंत मळकट होई. मी खिडकी लावून अभ्यास करायची आणि एक दिवस या धुळीतून निघून जाईन म्हणायची. निघाले, बँकेत लागले, लग्न झालं, नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला कोलकात्याला पाठवलं आणि मीही बदली मागून घेतली. दोन-तीन वर्षं राहू म्हणता म्हणता आम्ही इथेच राहिलो. गंमत म्हणजे त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन पडले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बंगाली दादा राहतात, रिटायर्ड, जिभेला धार. ते आम्हाला बर्गी म्हणतात. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची आठवण त्यांनी माझ्यासाठी खास जपून ठेवली आहे. तुम्हाला अडवायला आम्ही बागबाजारपासून खंदक खणला होता, असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले. मी म्हटलं, खणला होता तर पुरा तरी करायचा, आम्ही बघा आलोच. तेव्हापासून आमचं चांगलं जमतं.

आता पिशव्यांचं सांगते. इथल्या मराठी मंडळींमध्ये एक रीत होती. दिवाळीत, नाताळात किंवा मे महिन्यात जे कुटुंब स्वतःच्या गाडीने गावी जाईल, त्याने बाकीच्यांच्या पिशव्या न्यायच्या. जाताना इथला गोविंदभोग तांदूळ, थंडीत खजुराचा गूळ, एखादी तांताची, म्हणजे हातमागाची सुती साडी. येताना तिकडची तूरडाळ, ज्वारीचं पीठ, काळा मसाला, कुरडया. पिशवी कापडाचीच हवी, तिचं तोंड सुईदोऱ्याने शिवायचं आणि वर चिकटपट्टी लावून गावाचं नाव लिहायचं. भंडारा, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. लोणचं चालणार नाही असा नियम होता, कारण एकदा कुणाच्या तरी नव्या गाडीच्या सीटवर कैरीचं तेल सांडलं होतं आणि दोन कुटुंबांत वर्षभर बोलणं नव्हतं. पिशव्या आमच्या घरी जमत, कारण पुलाकडे जायला आमचं घर त्यातल्या त्यात वाटेवर. न्यू टाउनचे आयटीवाले वाकडी वाट करून यायचे आणि येताना ट्रॅफिकच्या नावाने शिव्या घालायचे.

हे सगळं चालायचं, कारण सहा नंबरचा रस्ता प्रत्येक गावाच्या पोटातून जात होता. पत्ता शोधावा लागत नसे. पिशवीवाल्याची आई किंवा सासू बसस्टँडसमोर किंवा एखाद्या कापडदुकानाशी उभी असायची. गाडी हळू करायची, पिशवी द्यायची, दुसरी घ्यायची, पुढे निघायचं.

आणि माझ्या आईचं घर म्हणजे या सगळ्यांचं ठाणं झालं. वडील गेल्यावर ती एकटी होती, मी एकुलती एक. सुरुवातीला माझ्या सांगण्यावरून लोक तिथे थांबत, मग माझ्या सांगण्याची गरज राहिली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अंग आंबलेलं असतं, पोरं किरकिरत असतात, अशा वेळी थंड पाण्याची मोरी आणि गरम बेसन-भाकर मिळाली तर कुणाला नको? आई परक्यांनाही तुम्ही कोण, कुठले, पगार किती, मूल का नाही, असं सगळं विचारायची आणि लोक सांगायचे. मला इथे शेजारी राहून जे कळत नसे ते तिला तिथे बसून कळे. कुणाची बदली होणार, कुणाची सून माहेरी गेली, कुणी राजारहाटला फ्लॅट बुक केला. मग फोनवर ती मलाच बातम्या द्यायची आणि मी चिडायची.

आता एकटी राहू नकोस, इकडे ये, असं मी दर फोनला म्हणायची. तिचं उत्तर ठरलेलं.

"काहून? अर्धं कलकत्ता माह्या ओट्यावर येऊन बसते. मी तिकडं येऊन काय करू? तुमी दोघं सकाळी जाता, संध्याकाळी येता. दिवसभर काय भिताडाशी बोलू?"

आणि ती बोलत होती ते तंतोतंत खरं होतं.

मग रस्ता बदलला. आधी नंबर गेला. कोलकात्याजवळ तोच रस्ता सोळा झाला, पुढे एकोणपन्नास, आणि आमच्या गावाशी त्रेपन्न. नवरा म्हणाला, नावात काय आहे, डांबर तेच ना. मग डांबरही गेलं. चौपदरी झालं, आणि गावाला वळसा घालून बायपास निघाला. पहिल्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा ती खुशीत होती. ट्रक नाही, धूळ नाही, रात्री इतकी शांतता की तिला झोपच लागली नाही म्हणे. मलाही बरं वाटलं. त्या धुळीने माझं अर्धं बालपण खाल्लं होतं, आता तरी तिची सुटका झाली असं मी नवऱ्याला म्हटलं.

सुरुवातीला लोक बायपास सोडून गावात यायचे. मग फोनमधला नकाशा सांगायला लागला की सरळ गेलात तर वेळ वाचेल. मग नागपूरहून समृद्धी महामार्ग झाला. ज्यांना नाशिक, मुंबईकडे जायचं ते नागपुरातून त्यावर चढू लागले, आणि त्यांचा अमरावती-अकोल्याशी संबंधच उरला नाही. कुणी वाईट वागलं असं नाही. कुणी ठरवून काही केलं नाही. मला मात्र प्रत्येकाचा राग यायचा. एकदा मी एका गृहस्थांना तोंडावर म्हटलं, "इतकी घाई आहे तर विमानाने जा ना, गाडी कशाला झिजवता?" ते हसले आणि पुढच्या वर्षी खरंच विमानाने गेले.

आईच्या बोलण्यात मात्र काही फरक पडला नाही. फोन केला की ती सांगायची, परवा ते अमके येऊन गेले, त्यांच्या मुलाला आता दाढी फुटली. कोण आलं होतं हे मी दर वेळी विचारायची, कारण ते आमचं बोलण्याचं मुख्य सूत्रच होतं. मला वाटायचं, चला, अजून थोडेफार लोक वळतात. आता एकटी राहू नकोस हे पालुपद मी थोडं कमी केलं.

या नाताळच्या सुट्टीत न्यू टाउनचं एक तरुण जोडपं गाडीने निघालं. दोघंही आयटीत, लहान मुलगी सोबत. ते अकोल्यावरून जाणार, बायपास सोडून गावात उतरू म्हणाले म्हणून मी त्यांच्याकडे आईसाठी पिशवी दिली. पाटाली, म्हणजे खजुराच्या गुळाची ढेप, तांदूळ आणि एक लोकरीची शाल. मुलगी गोड होती, मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि कोण येतंय, काय आणतंय ते आईला फोनवर कळवलं. आठवड्याने आईचा फोन.

"आले होते व तुहे न्यू टाउनवाले. पोरगी लय गुणाची हाये. पाळण्यात झोपली दोन तास. अन् गूळ लय मस्त हाये यंदाचा. संक्रांतीले पोळ्या करतो त्याच्याच."

संक्रांतीला मी फोन केला तेव्हा पोळ्या झाल्या होत्या. खमंग झाल्या, शेजारी वाटल्या, असं ती म्हणाली.

जानेवारीच्या शेवटी न्यू टाउनला हळदीकुंकू होतं. मी गेले. त्या छोटीच्या आईने मला दारातच गाठलं, आतल्या खोलीत नेलं आणि कपाटातून एक पिशवी काढली. माझीच. तोंडाची शिवण तशीच्या तशी, मी घातलेले मोठे टाके, वर चिकटपट्टी, त्यावर माझं अक्षर. ती रडवेली झाली होती.

"काकू, खूप सॉरी. ऐन वेळी ह्याला सुट्टी कमी मिळाली. मग नागपूरहून समृद्धीनेच गेलो. येताना तरी जाऊ म्हटलं, तेही नाही झालं. तुम्हाला फोन करायची हिंमत होईना. आजींना वाईट वाटलं असेल ना?"

नाही गं, काही वाईट वाटलं नाही, असं मी म्हटलं. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, पोहे खाल्ले की नाही आठवत नाही. परतताना टॅक्सीत ती पिशवी मांडीवर होती. पाटाली कापडातूनही हाताला लागत होती, दगडासारखी कडक. आई त्या गुळाच्या पोळ्या खाऊन बसली होती.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो आधी खो खो हसला. "तुझ्या आईने मालिका लिहायला हव्यात," म्हणाला. मी हसले नाही. मग आम्ही दोघं बसून आठवू लागलो. दाढी फुटलेला मुलगा, त्याचं कुटुंब तर केव्हाच बडोद्याला बदलून गेलं. दिवाळीत तिच्याकडे जेवले म्हणे ते गृहस्थ विमानाने गेले होते, माझ्याच तोंडाळपणामुळे. कोण खरं आलं होतं आणि कोण तिने आणलं होतं, काही कळेना. मला तिचा इतका राग आला की फोन उचलून तिला फैलावर घ्यावं असं वाटलं. आणि मग कळलं की ती खोटं का बोलते. कोणी येत नाही असं तिने म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी तिला न्यायला निघाले असते. घर सोडायचं नाही म्हणून ती गावच्या ओट्यावर सबंध कोलकाता बसवत होती, एकटीने.

पण कारण कळलं म्हणून माझा निर्णय बदलला नाही, उलट पक्का झाला. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई रिकाम्या घरात बसून पाहुण्यांच्या गोष्टी रचते, हे मला सहन होईना. आता तिला विचारायचं नाही, घेऊनच यायचं. आजवर आम्ही कायम रेल्वेने जात आलो होतो, कारण नवऱ्याची रजा जेमतेम. या वेळी गाडी काढायची ठरवलं. तिची पितळी भांडी, देवघर, लोखंडी तवा, हे सगळं सोबत आणायचं तर रेल्वे उपयोगाची नव्हती. मागची खोली रिकामी केली. खिडकीला जाळी बसवली, बाथरूममध्ये धरायला दांडा लावला. तिला काहीही कळवलं नाही, कारण कळवलं तर ती वादाची तयारी करून बसेल हे मला ठाऊक होतं. आणि वादात तिच्यासमोर मी टिकत नाही.

होळीच्या आधी निघालो. खाली दादा पेपर वाचत बसले होते. गाडीची टपावरची कॅरियर बघून म्हणाले, "बॉम्बे रोड धोरे जाबेन तो?" मी म्हटलं, हो, बॉम्बे रोडनेच जाणार. लूट घेऊन येणार का, असं त्यांनी विचारलं. आईला घेऊन येतेय म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला जपून आणा.

रस्ता आता खरंच सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. कोलाघाटला रूपनारायण नदी ओलांडली आणि गाडीने जो वेग धरला तो धरलाच. पिशव्या नेणाऱ्यांकडून ऐकलेल्या जागा दिसायच्या आधीच मागे पडत होत्या. गावं आता डावी-उजवीकडे लांब, पुलाखाली. रायपूरला मुक्काम, पुढचा अमरावतीला. वाटेत मी मनात भाषण जुळवत होते. आई, मला सगळं कळलंय. आई, आता पुरे. आई, तुझ्यासाठी खोली तयार आहे. प्रत्येक गावाबरोबर भाषण लांबत चाललं होतं आणि त्यातली मी जास्त जास्त समजूतदार होत चालले होते.

अकोला सोडलं तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. मी नवऱ्याला सांगितलं होतं की आता फोनचं ऐकू नको, मी सांगते तिथे वळ. पण मलाच कळेना कुठे वळायचं. ओळखीचं काही नव्हतंच. आणि मग एकदम डावीकडे खाली पाण्याची टाकी दिसली, शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं, देवळाचा कळस. आमचं गाव. ते मी कधी मागच्या बाजूने पाहिलं नव्हतं. मी ओरडले, "अरे थांब, थांब, गाव गेलं!" तो म्हणाला, इथे थांबता येत नाही. दोन मिनिटांत टाकीसुद्धा दिसेनाशी झाली. ज्यांच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडली, त्यांच्यासारखेच आम्हीही सरळ निघून गेलो होतो. नवरा शहाणा, त्याने नजर समोरच ठेवली.

पुढे बरंच गेल्यावर वळायला जागा मिळाली. परत आलो, बाजूच्या अरुंद रस्त्याने खाली उतरलो आणि जुन्या सहा नंबरवर लागलो. फोनमधली बाई सारखी मागे वळा, मागे वळा सांगत होती, शेवटी मी तिचा आवाज बंद केला. रस्ता तोच, पण अंग आखडल्यासारखा. दोन्ही कडांनी गवत आत आलं होतं. मधोमध एक कुत्रं झोपलं होतं आणि हॉर्न दिला तरी उठलं नाही, त्याला वळसा घालून जावं लागलं. पंक्चरचं दुकान बंद, चहाची टपरी बंद, ट्रकवाल्यांचा ढाबा होता तिथे कुणीतरी कडबा रचून ठेवला होता.

आणि मग आमचा ओटा. आई भिंतीला पाठ लावून बसली होती, पाय लांब करून, स्वच्छ धुवट पातळ नेसून. आता पांढरं पातळ दिवसभर पांढरंच राहात असणार. तिने गाडीचा आवाज ऐकला, मान वळवली आणि डोळ्यांवर हात धरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ती गेली दोन वर्षं टाळत होती, तिला लांबून माणसं नीट दिसत नाहीत. गाडीचं मोठं पांढरं धूड मात्र दिसलं असावं. नवऱ्याने गाडी ओट्याला लावली. ती लगबगीने उठली, गुडघ्यावर हात टेकून, एकदा भिंतीचा आधार घेऊन. पदर सारखा केला. पुढे येऊन नंबरप्लेटशी वाकली आणि तिचं तोंड असं फुललं, की तिला इतकं आनंदात मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"या, या! कलकत्त्याचेच ना? नंबरावरून ओयखलं मी. या, आंदर या. मोरीत पानी भरून ठेवलं हाये, हातपाय धुवा. मी बेसन टाकतो लगेच." काचेतून तिला काही दिसत नव्हतं, ती नवऱ्याच्या बाजूच्या दाराशी बोलत होती. "माही लेक असते तिकडं, बँकेत. ओयखता काय तिले?"

मी दार उघडून उतरले. गाडीला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणखी जवळून पाहिलं, आणि चेहऱ्यावरचं ते फुललेपण हळूहळू उतरत गेलं. ते लपवायचा तिने प्रयत्नही केला, पण जमलं नाही.

"तू व्हय," ती म्हणाली. "मले वाटलं, कोनी आलं."

माझं भाषण तिथेच संपलं. वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि तिच्यावर रागवायला मात्र काही जागा सापडेना. मी वाकून नमस्कार केला, मोरीत जाऊन हातपाय धुतले. पाणी खरंच भरून ठेवलेलं होतं. चार दिवस आम्ही राहिलो, मोतीबिंदूसाठी अकोल्याला डॉक्टरांकडे जाऊन आलो आणि रिकामी कॅरियर घेऊन परत फिरलो. तिला कोलकात्याला आणलं असतं, तर रोज संध्याकाळी दार वाजल्यावर ती अशीच लगबगीने उठली असती, आणि दारात रोज मीच असते.